सिव्हिलमध्ये चुंबकाचं काय काम? तुम्ही विचारलंत म्हणून

‘तुमचा विषय नेमका कोणता? बांधकामाचं नियोजन, सेन्सर की चुंबकीय पदार्थ?’ विद्यार्थी विचारतात, नातेवाईक विचारतात, संशोधनाच्या निधीसाठी गेलं की समितीही विचारते. तीन दगडांवर पाय, असा एकूण सूर असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझा प्रश्न पहिल्यापासून एकच आहे: साइटवर पुढचं काम कधी सुरू करायचं, हे कशावरून ठरवायचं?

बार चार्टवर, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यावर, ते तारखेवरून ठरतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबखालचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांनी काढायला सांगितलेत. पण हे दिवस साध्या पोर्टलंड सिमेंटचे आणि पारा १५ अंशांखाली उतरला नसेल तरचे. काँक्रीटची ताकद दिवसांबरोबर उष्णतेवरही चढते. नाशिकच्या डिसेंबरातला स्लॅब आणि नागपूरच्या मे महिन्यातला स्लॅब यांना एकच तारीख लावणं मला कधीच पटलं नाही. म्हणून स्लॅबमध्ये तापमानाचे सेन्सर बसवायला लागले आणि नियोजनातून मोजमापात आले.

चुंबक आलं ते पुलांच्या केबलमुळे. तिथे पुढचं काम केबलमध्ये किती ताण आहे यावरून ठरवायचं. केबलवर चिकटवलेला स्ट्रेन गेज, म्हणजे ताणाने लांबीत पडणारा फरक मोजणारी पट्टी, तो चिकटवल्यानंतर झालेला बदल तेवढा सांगतो. आधीपासून किती ताण आहे, ते त्याला कळत नाही. शिवाय त्यासाठी केबलचं आवरण सोलावं लागतं. लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, बसवायचा तर तो पूल बांधतानाच, केबलचं टोक पकडणाऱ्या अँकरखाली. उभ्या पुलावर मग काय करायचं?

इथे मला पोलादाचाच एक गुण सापडला आणि मी त्याच्या प्रेमात पडले. चुंबकत्व दिलं की लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे भौतिकशास्त्रज्ञ जूलने १८४२ मध्ये दाखवलं होतं. उलट बाजू व्हिलारी या भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवली: ताण दिला की लोखंडाचं चुंबकीय वागणं बदलतं. केबलभोवती, आवरणावरूनच, तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळायची. एकातून विजेचा झटका सोडायचा, दुसऱ्यात उमटणारा व्होल्टेज मोजायचा. त्यावरून केबलमधला एकूण ताण काढता येतो. अट एवढीच की त्याच जातीच्या पोलादाचा तुकडा प्रयोगशाळेत ताणून, किती ताणाला किती चुंबकीय बदल, याचा तक्ता आधी तयार हवा. वेगळा सेन्सर कशाला, केबलच सेन्सर! मला याचं आजही अप्रूप वाटतं.

१९८६ साली पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. काँक्रीटमधल्या ताणलेल्या केबलना लागलेला गंज हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. असा गंज बाहेरून दिसत नाही. पण पोलाद झिजलेलं असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर फुटतात, आणि त्या पकडता येतात. आपल्या दमट किनाऱ्यावरच्या पुलांसाठी हे तंत्र सर्रास वापरलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

सध्या मी तापमानाशी झगडतेय. पोलादाचं चुंबकीय वागणं उष्णतेनेही बदलतं, त्यामुळे एकाच केबलचं पहाटेचं आणि भर दुपारचं रीडिंग जुळत नाही. त्यातला उन्हाचा वाटा किती आणि ताणाचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय पुढची केबल ताणायची परवानगी त्या आकड्यावर देता येणार नाही.