समोरची पाटी

गुरुवार, रात्री

माझा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. वाकून नमस्कार केला. ‘सर, तुमच्याच आशीर्वादानं.’ क्लास काढलाय, समोरच्या बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावर. विषय संस्कृतच. पाटी आमच्या गॅलरीतून दिसते, लाल अक्षरांत ‘शंभर पैकी शंभर’. आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार? पेढा चांगला होता.

क्लास काढल्याचं काही नाही. काढावाच. पण समोर का? स्टेशनपलीकडे गाळे ओस पडलेत.

जेवणं झाल्यावर अबेलारचं, म्हणजे त्या मध्ययुगीन फ्रेंच तत्त्वज्ञाचं, स्वतःच्या आयुष्यावरचं ते लांबलचक पत्र काढून बसलो. कॉलेजात वाचलं तेव्हा मी पूर्ण त्याच्या बाजूनं होतो. सरदाराचा थोरला मुलगा, वारसा धाकट्यांना देऊन तर्कशास्त्राच्या नादानं ब्रिटनीतून निघतो, 1100 च्या सुमारास पॅरिसला शांपोच्या विल्यमच्या वर्गात बसतो आणि थोड्याच दिवसांत गुरूला वादात पाडायला लागतो. काय भारी वाटायचं! मग विशीतच मलं गावी स्वतःची शाळा. तिथून ती हलवली कोर्बेयला. का, तर ते पॅरिसच्या जवळ, म्हणजे वाद घालायला वरचेवर जाता येईल. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

म्हणजे जागा मुद्दामच जवळची घेतात.

पुढे आजारपणामुळे तो काही वर्षं घरी गेला. विल्यमनं सुटकेचा श्वास टाकला असेल. आणि परत आला तो कुणाकडे? विल्यमकडेच, वक्तृत्वशास्त्र शिकायला! तिथं बसून त्यानं गुरूचा मुख्य सिद्धांतच धरला. विल्यम म्हणायचा, माणूसपण प्रत्येक माणसात एकच आणि अख्खं असतं, फरक असतो तो वरवरचा. अबेलारनं इतकं खोदून विचारलं की विल्यमला भर वर्गात मत बदलावं लागलं. मग त्याच्या व्याख्यानांची किंमतच उतरली. गुरूची विद्या गुरूलाच फळली.

अर्थात हे सगळं अबेलार सांगतो, तेही वीसेक वर्षांनी. विल्यमला नमस्कार करताना त्याचा चेहरा कसा होता, हे कोण सांगणार? आज पेढ्याचा बॉक्स पुढे करताना याचा चेहरा मात्र... जाऊ दे.

आईच्या वेळी हाच रात्रभर हॉस्पिटलात बसला होता. तेही जाऊ दे.

पण समोर का?

इथवर मी स्वतःला विल्यम समजून हळहळत होतो. पुढच्या पानावर आणखी एक मास्तर भेटला. अबेलारला पॅरिसची शिकवण्याची गादी मिळू नये म्हणून विल्यमनं तिच्यावर बसवलेला. त्याच्याकडे प्रिसियनच्या लॅटिन व्याकरणासाठी थोडीफार मुलं यायची, कारण त्यात तो फार चांगला समजला जायचा. अबेलार जवळ येऊन शिकवायला लागला, त्याला तोंड द्यायला विल्यम स्वतः परत आला आणि त्याच्या येण्यानं तीही गेली. अबेलारनं त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही.

हा मी. व्याकरणवाला! विल्यमचं तरी बरं झालं, 1113 मध्ये शालोंचा बिशप झाला. मला कोण बिशप करतंय? एकटाच हसलो, ही आतून विचारते काय झालं.

तो व्याकरणवाला शेवटी शिकवणं सोडून मठात गेला म्हणे. मला तीही सोय नाही. दहावीच्या पोरांनी वर्षाची फी आधीच भरली आहे, आणि उद्या सकाळच्या बॅचला सप्तमी घ्यायची आहे.