प्रमाणपत्राच्या रांगेतील हाक

माझा मुलगा २०२४ मध्ये पाचवीतच राहिला. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीमुळे राज्यांना पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा मिळाली असून, त्याआधी निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. ती संधी त्याला मिळाली आणि तीही गेली. जोडाक्षर आले की तो अडखळतो; तोंडी गणित विचारले तर मात्र उत्तर तयार असते. वर्गशिक्षकांनी विशेष शाळा सुचवली, तर गटसाधन केंद्रातील (तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातील) विशेष शिक्षकांनी आधी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्यायला सांगितले. तासगावातील हे सारे आठवड्यात उरकले. पुढचे पाच महिने सांगलीतील एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात गेले.

या तपासणीत आधी बालरोगतज्ज्ञ मुलाची दृष्टी आणि श्रवण पाहतात, मग बुद्ध्यंक मोजला जातो आणि तो ८५ च्या वर असेल तरच वाचन-लेखनाची चाचणी होते. म्हणजे मुलाची बुद्धी कमी नाही हे ठरल्याशिवाय अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळतच नाही. तरीही आमच्या रांगेकडे पाहून एक कर्मचारी दर बुधवारी दारातून ओरडत असे, "मतिमंदवाले, कागद घेऊन पुढे या!" (ज्या मुलांना खरोखरच बौद्धिक अक्षमता आहे, त्यांना तरी असे का हाकारावे?) एकदा मानसशास्त्रज्ञ रजेवर, एकदा संगणक बंद, एकदा शाळेच्या पत्रावर जावक क्रमांक नाही, अशा कारणांनी आम्ही परतत राहिलो. पहिल्या दोन खेपांना मुलगा खिडकीतून गाड्या मोजत बसला होता. तिसऱ्या खेपेला ती हाक आली आणि तो माझ्याआधी उठून उभा राहिला. नापास झाला तेव्हा तो रडला होता, शिक्षकांवर चिडलाही होता. या हाकेला मात्र त्याने निमूटपणे ओ दिली. मी त्या कर्मचाऱ्याशी मोठ्याने भांडले, त्याचा पश्चात्ताप मला अजूनही होत नाही.

जूनमध्ये पाडे आधीच पाठ असल्यामुळे वर्गात त्याचा हात सर्वांत आधी वर जाई, आणि मला वाटले होते की मागे राहणे त्याला मानवले. पण शाळा सुटल्यावर सहावीची मुले निघून जाईपर्यंत तो दप्तर आवरतच बसे. वर्गातला हुशार आणि फाटकाबाहेरचा नापास, असे दोघे त्याच्यात एकाच वेळी राहत होते.

शाळेचे पत्र जावक क्रमांक आणि शिक्क्यासह घ्यावे, हे मला कोणी आधी सांगितले असते तर एक बुधवार वाचला असता. या प्रमाणपत्रासाठी मुलाचे वय किमान ८ वर्षे पूर्ण असावे लागते. आणखी एक: आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही, त्यामुळे विशेष शाळेचा सल्ला हा केवळ सल्लाच समजावा.

अखेर प्रमाणपत्र मिळाले. एसटीत त्याने 'अध्ययन अक्षमता' हे शब्द बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून वाचले आणि विचारले, "म्हणजे ढ नव्हे ना, आई?" वयाच्या १४ व्या वर्षी हीच तपासणी पुन्हा करावी लागते. तेव्हा नंबर लावायला मी एकटीच जाणार आहे.