काएना पॉइंटचा ओहाय

हवाईतल्या ओआहू बेटाच्या पश्चिम टोकाला, काएना पॉइंटला, गाडी जात नाही. मोकुलेइयाच्या बाजूने निघालात तर रस्ता संपतो तिथून साधारण ४ किलोमीटर पायपीट, आणि तेवढीच परत. उजवीकडे समुद्र, डावीकडे उघडे डोंगर, सावली औषधालाही नाही. एकेकाळी या टोकाला वळसा घालून आगगाडी धावायची, ती १९४७ साली बंद झाली. नंतर हौशी जीपवाल्यांनी वाळूच्या टेकड्यांची पार दैना केली. १९८३ मध्ये हा भाग राखीव झाला.

लोक येतात ते अल्बट्रॉस हे समुद्रपक्षी बघायला. मला ओहायचं झुडूप बघायचं होतं. आपला हादगा ज्या सेस्बेनिया वंशातला, त्यातलाच हा, पण फक्त हवाई बेटांवर उगवणारा. अमेरिकेने १९९४ साली त्याला संकटग्रस्त ठरवलं.

टोकाच्या अलीकडे कुंपण लागतं, या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. २०११ साली बांधलेलं, दोन मीटर उंच, जाळी इतकी बारीक की उंदराचं पिल्लूसुद्धा शिरू नये. दारं दोन: पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हा खटाटोप मुख्यतः पक्ष्यांसाठी. उंदीर, मांजरं, कुत्री आणि मुंगसं त्यांच्या अंडी-पिल्लांवर टपलेली. मुंगूस मूळचं आपल्याकडचंच, १८८३ साली जमैकाहून इथे आणलं, उसातले उंदीर मारायला! उंदीर काही संपले नाहीत. ते शेंगांतल्या बियाही फस्त करतात, त्यामुळे कुंपणाचा फायदा ओहायलाही झाला.

आत गेल्यावर ओहाय शोधायला मान खाली घालावी लागते. हादगा सरळ वर जातो, हा इथे वाळूवर आडवा पसरलेला. पानांवर रुपेरी लव, ऊन आणि खारा वारा सोसायला. फूल मात्र थेट हादग्याच्या घरातलं: वरची पाकळी पताकेसारखी, बाजूच्या पंखांसारख्या, मधल्या मिटलेल्या नौकेसारख्या. आकाराने बरंच लहान. रंग केशरी-लाल, एकाच झुडपावर काही फुलं फिकी, काही गडद. पायवाट सोडायची नाही हा इथला नियम, म्हणून वाटेला लागूनच असलेल्या एका झुडपापाशी मी बसकण मारली.

फुलांवर बारीक काळ्या मधमाश्या येत होत्या. हायलिअस वंशाच्या या माश्या हवाईच्या एकमेव मूळ मधमाश्या. पायांवर परागाच्या पिशव्या नसल्याने त्या पराग चक्क गिळून पोटातून नेतात. ओहायचं परागीभवन बहुतांशी त्यांच्याच भरवशावर, आणि त्यांच्या ७ जाती २०१६ साली स्वतःच संकटग्रस्तांच्या यादीत गेल्या. मला यातच खरी मेख वाटते. उंदीर जाळीने अडतात, पण बाहेरून आलेल्या मुंग्या अडत नाहीत, आणि हवाईत मूळची मुंगी एकही नाही. या परक्या मुंग्या मधमाश्यांच्या जिवावर उठल्या आहेत.

शेजारी अल्बट्रॉसचं पिल्लू चोच वाजवत होतं आणि सगळे कॅमेरे तिकडे वळलेले.

मोलोकाई बेटावर मोओमोमीच्या वाळूतही ओहाय आहे, पुढच्या खेपेला तिथे जायचा विचार आहे. निहोआ बेटावरचा उभा वाढतो म्हणतात, पण तिथे परवान्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, आणि फुलं बघायची हौस एवढ्यावर तो मिळायचा नाही.