लाल रस्ता, ओळखा पाहू

३० ऑगस्ट २०२३, बुधवार. माहेरी, नारायणगावजवळ

यंदा राखीला भद्रा आडवी आली. सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हाच आईने बजावलं, "नऊच्या आत कुणी राखीला हात लावायचा नाही." नारळीभात झाकून ठेवलेला, ताट देवघरात तयार आणि मुलं कावलेली. चांद्रयान उतरून आठवडाच झालाय, त्यामुळे दुपारभर अंगणात विक्रम उतरत होता आणि प्रज्ञान बाहेर पडत होता. संध्याकाळपर्यंत त्याचाही कंटाळा आला. मग मी 'ओळखा पाहू' काढलं. एकाने मनात काहीतरी धरायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. अगदीच अडलं तर एक खूण द्यायची.

माझ्या मनात उत्तर तयार होतं. आज ऑगस्टचा शेवटचा बुधवार. स्पेनमधल्या बुन्योल गावात दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे साडेतीनला, ला तोमातिना सुरू होते. चहा घेताना त्याचे फोटो मोबाइलवर आलेच होते.

"एक गाव आहे," मी सांगितलं. "त्या गावातला रस्ता वर्षातून एकदा तासाभरात लालभडक होतो. माणसंही लाल होतात, आणि सगळी हसत असतात."

"होळी!" नाही. "जोतिबाची यात्रा, गुलाल!" हा अथर्व, दादाचा थोरला. छान विचार केला होता, पण तेही नाही. "रंग असतो का?" नाही. "चिखल?" नाही. गोव्यातल्या माशेलचा चिखलकाला माझ्या चिन्मयने कुठल्याशा व्हिडिओत पाहिला होता, म्हणून तो हटूनच बसला. शेवटी खूण दिली: जे फेकतात ते आपण खातो, आणि या क्षणी ते आपल्या घरात आहे.

तिघंही स्वयंपाकघरात पळाली. अथर्व नारळाची कवड घेऊन आला. आज नारळी पौर्णिमा, कोळी समुद्राला नारळ वाहतात, तेव्हा त्याच्या दृष्टीने सगळं जुळलं होतं. "लाल कसा होईल रे नारळाने?" म्हटल्यावर परत गेला. दुसरी खूण: फेकण्याआधी हातात दाबून फोडावंच लागतं, तसा नियमच आहे, नाहीतर समोरच्याला लागेल. "अंडं!" चिन्मय ओरडला. आजी लांबूनच म्हणाली, "माझ्या घरात कुठलं अंडं?"

ओवी सगळ्यात धाकटी. ती इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "टमाटे."

मी टाळ्या वाजवल्या. विचारलं, "कसं ओळखलंस?"

"तो आपला रस्ता आहे ना. ओढ्याजवळचा. पप्पांनी ओतले होते तेव्हा लाल झाला होता. पण तेव्हा कुणी हसत नव्हतं, म्हणून मला आधी सांगता येईना."

दादा ओसरीवरच हिशेबाची वही घेऊन बसला होता. त्याने मान वर केली, म्हणाला, "बरोबर ओळखलं पोरीने. मे महिन्यात." आणि पुन्हा वहीत बघायला लागला.

मुलांना उत्तर मिळालं होतं, त्यांना आता त्या गावाची गोष्ट हवी होती. मी सांगितली. १९४५ साली बुन्योलमध्ये मिरवणूक चालली होती, मोठमोठ्या डोक्यांचे मुखवटे घातलेली माणसं होती. तिच्यात घुसायला काही पोरांनी धक्काबुक्की केली, कुणीतरी चिडलं, आणि शेजारच्या भाजीच्या दुकानातले टोमॅटो हाताला लागले. पुढच्या वर्षी पोरं घरूनच टोमॅटो घेऊन आली. पन्नासच्या दशकात सरकारने बंदी घातली. तेव्हा १९५७ मध्ये गावकऱ्यांनी टोमॅटोची अंत्ययात्रा काढली: शवपेटीत एक भलामोठा टोमॅटो आणि मागे शोकाची धून वाजवणारा बँड. हे ऐकून मुलं लोळायचीच बाकी होती. मग परवानगी मिळाली. गावाची वस्ती नऊ-दहा हजारांची. एकेका वर्षी चाळीस-पन्नास हजार माणसं यायला लागली, तेव्हा २०१३ पासून तिकीट लावलं आणि आकडा वीस हजारांच्या आसपास बांधून टाकला. आधी साबण चोपडलेल्या खांबावर चढून वर टांगलेली डुकराची मांडी काढायचा प्रयत्न होतो, मग दारूगोळ्याचा बार उडतो आणि ट्रक रस्त्यात शिरतात. तासाभराने दुसरा बार झाला की एकही टोमॅटो फेकायचा नाही. त्यानंतर पाण्याच्या बंबांनी रस्ता धुतात. टोमॅटोतल्या आम्लाने फरशी लख्ख होते म्हणे.

"किती टमाटे?" हा प्रश्न ओसरीवरून आला.

"शंभर टनांच्या वर."

दादाचं गणित तोंडी असतं. "शंभर टन म्हणजे वीस किलोचे पाच हजार क्रेट." थोडं थांबून विचारलं, "खायचे की टाकाऊ?"

मला जे माहीत होतं ते सांगितलं. ते टोमॅटो एक्स्त्रेमादुरा भागातून आणतात, काही शे किलोमीटरवरून, कारण तिथे स्वस्त मिळतात. ते जास्त पिकलेले असतात, खाण्याच्या लायकीचे नसतात, असं भरवणारे सांगतात. पैसे नगरपालिका मोजते.

"मग तिथल्या शेतकऱ्याला पैसे मिळाले," दादा म्हणाला. "फेकणाऱ्याने विकत घेऊन फेकले. माझे कुणी फेकायलाही घेतले नाहीत."

आई लगेच म्हणाली, "पैसे दिले म्हणून अन्न पायाखाली घालायचं का?"

रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर, हे लिहायला बसले आहे, कारण या दोघांच्या मध्ये माझं मन अडकलंय आणि मला ते सोडवून ठेवायचंय.

दादाचं म्हणणं मी समजू शकते. त्या मे महिन्यातले दिवस मी फोनवरून ऐकले आहेत. रोपवाटिकेतली रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबक, बांबू, तार, सुतळी, बांधणी, करप्यासाठी फवारण्या, टुटा अळीसाठी सापळे, आणि मग तोडा. तोड्याला बायका लागतात, त्यांची हजेरी, क्रेटचं भाडं, गाडीभाडं, हमाली, तोलाई. क्रेटला जो भाव निघत होता त्यात तोड्याची मजुरीसुद्धा बसत नव्हती. माल बाजारात नेऊन परत आणायचा म्हणजे दुहेरी भाडं, म्हणून लोकांनी वाटेतच ओतला. कितीकांनी उभ्या प्लॉटला पाणी सोडणं थांबवलं. नाशिककडेही तेच झालं. ते सगळे टोमॅटो चांगले होते. लाल, कडक, दोन दिवस प्रवास सोसतील असे. पुण्यात माझ्या मंडईत त्याच आठवड्यात ते विकत मिळत होते.

आणि दोनच महिन्यांत काय झालं? सोडून दिलेल्या प्लॉटांमुळे माल तुटला, पावसाचा लहरीपणा त्यात भर घालायला आला, आणि जुलैत याच नारायणगावच्या बाजारात क्रेट दोन हजारांच्या वर गेला. शहरात किलोला दीडशे-दोनशे. सरकारला मोबाइल व्हॅन लावून सवलतीत टोमॅटो विकावे लागले, नेपाळातून आणायची वेळ आली. मेमधला तो ओढ्याजवळचा रस्ता आणि जुलैतली शहरातली रिकामी टोपली, दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. ज्यांना जुलैत पैसे झाले त्यांचे फोटो छापून आले. मेमध्ये ज्यांनी प्लॉट सोडला त्यांच्याकडे जुलैत विकायला काही नव्हतं. आता भाव रोज उतरतोय, आणि दादा वही घेऊन बसतो तो त्यासाठीच.

तरीही दादाचं 'विकत घेऊन फेकले' मला पटत नाही. पैसे दिल्याने शेतकऱ्याचं नुकसान टळतं, हे खरं आणि फार मोठं आहे. पण पाण्याचं काय? टोमॅटोच्या एका किलोमागे, जगाची सरासरी धरली तर, दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. शंभर टनांना दोन कोटी लिटर. आमचं शेततळं एक कोटीचं आहे. तशी दोन तळी त्या एका तासात रस्त्यावर वाहून जातात. यंदा स्पेनमध्येही कडक दुष्काळ आहे. आणि आमच्याकडे आज ऑगस्ट संपत आला तरी पाऊस नाही, तळ्याचा कागद उघडा पडलाय. आज संध्याकाळी दादा त्या काठावर उभा होता. पाणी मोजून सोडणाऱ्या माणसाने 'त्यांनी पैसे दिले ना' म्हणावं, यात त्याची दुखावलेली बाजू बोलते. एरवी तो असं म्हणाला नसता.

'खाण्याच्या लायकीचे नव्हते' हेही मी पूर्ण मानत नाही. फेकण्यासाठीच स्वस्तातला माल घ्यायचा ठरवलं की तो न खाण्याचा होतोच. त्याला लागलेली जमीन, डिझेल, हात तेच असतात. २०११ मध्ये एका हिंदी चित्रपटात हा सण दिसला आणि त्याच वर्षी बंगळुरू-म्हैसूरकडे तसा खेळ भरवायचं घाटलं, तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री सदानंद गौडा यांनी तो होऊ दिला नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. कोलार टोमॅटोचा जिल्हा. तिथल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर हा खेळ करायचा म्हणजे निर्दयपणा झाला असता. बुन्योलच्या लोकांबद्दल माझ्या मनात राग नाही. बंदीच्या काळात त्यांनी त्या तासासाठी भांडण केलं, तो त्यांच्या गावाचा जीव आहे. पण तो खेळ तिथेच राहावा, त्याच्या नकला दुसरीकडे निघू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आईचं 'पायाखाली' मात्र मला आमच्या घरापर्यंत घेऊन आलं. अक्षता आपणही उधळतो. मांडवात मूठमूठ तांदूळ, आणि मंगलाष्टकं संपली की त्यावरून पाचशे माणसं चालतात. डोक्यावर चार दाणे पडले तरी आशीर्वाद पोचतो. टोपलीभर तांदूळ कशाला? वाढदिवसाला केक तोंडाला फासतात तेही मला सहन होत नाही, आणि चिन्मयच्या मित्रांना मी ते स्पष्ट सांगते. उलट बोरन्हाण किती सुंदर आहे. बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि भोवतीची पोरं ते झेलायला, वेचायला झडप घालतात. अन्नाशी खेळ आहे, उधळणही आहे, पण शेवटी सगळं कुणाच्या तरी खिशात आणि पोटात जातं. गोपाळकाल्याचंही तेच. पुढच्या आठवड्यात दहीहंडी आहे. हंडीतलं दही, पोहे, लाह्या खाली आले की हातावर घेऊन खायचे असतात. खेळायला अन्न घ्यायचं असेल तर ते असं, खाणाऱ्याच्या हातात संपणारं. मुलांना मी एवढंच सांगणार आहे.

नऊ वाजून गेल्यावर ओवाळणं झालं. दादाने ओवाळणीत पाकीट दिलं आणि वर म्हणाला, "टमाटे घेऊन जा उद्या."

३१ ऑगस्ट, गुरुवार

पहाटे तोड्याला मुलांनाही नेलं. ओवीने प्रतवारीच्या ढिगाशी बसून विचारायला सुरुवात केली: हा कुठे जाणार, तो कुठे जाणार? मोठा माल बाजाराला, गोल्टी जवळच्या आठवडे बाजारात, तडकलेला गुरांना. "मग ओढ्याजवळ कुठला जातो?" वहिनी म्हणाली, "भाव पडला की सगळाच."

मी दादाला विचारलं, कारखान्याला का जात नाही? एक्स्त्रेमादुरातला बहुतेक टोमॅटो कारखान्यात जातो, त्याची पेस्ट होते. तो म्हणाला, त्याला वाण वेगळा लागतो, गराचा, कमी पाण्याचा. आपला वाण बाजारासाठी, लांबच्या गाडीत टिकणारा. कारखाना जवळ हवा आणि दर आधी ठरलेला हवा. ज्यांचा करार आहे त्यांचा माल आधी घेतात, बाजार कोसळल्यावर धावत जाणाऱ्याला दारातच थांबवतात. कोल्ड स्टोरेजमध्ये पिकलेला टोमॅटो कांद्या-बटाट्यासारखा महिनोन्महिने राहत नाही. वहिनीने गेल्या उन्हाळ्यात चकत्या मीठ लावून गच्चीवर वाळवल्या होत्या. बरणीतल्या मला दाखवल्या. आमटीत फार चांगल्या लागतात. पण एका बरणीला अर्धा क्रेट जातो, आणि प्रश्न शेकडो क्रेटचा आहे. बचत गटाला सौरवाळवणी यंत्र मिळावं म्हणून तिने अर्ज केलाय. पुण्यातून पाठपुरावा मी करायचा, असं आमचं ठरलं.

दुपारी निघण्याआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं: संध्याकाळी नारायणगावचे टोमॅटो घेऊन येते आहे, दर शेतावरचा. दर दादाने ठरवला. मला तो थोडा कमी वाटला म्हणून मी दोन रुपये वाढवले आणि त्याला सांगूनच वाढवले. गाडीच्या डिकीत क्रेट बसेनात, मागची सीट पाडली, चिन्मय पुढे आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप आला, थोडे हिरवे कच्चेही आणाल का, चटणीला. दादा पुन्हा रानात गेला.