विभवांतरावरचा अनुस्वार

शाळेच्या प्रयोगशाळेला मी दिलेल्या दोन पॉवर सप्लायवरची, म्हणजे प्रयोगांना वीज पुरवणाऱ्या डब्यांवरची, अक्षरं दोन पावसाळ्यांत उडाली. सगळ्यात आधी गेलं ते ‘ऋण’. वायर जोडताना मुलांची बोटं नेमकी तिथेच घासतात. मी चांगल्यातला स्टिकर लावला होता, वरून लॅमिनेशनही होतं. पण कडेनं ओल शिरली, धूळ बसली आणि कोणीतरी नखानं सोलून काढला. विज्ञानाच्या बाईंनी तिथे मार्करनं लिहिलं, तेही पुसलं गेलं. त्यामुळे पुढचे दहा डबे करायला घेतले तेव्हा सर्किटचा फार विचार करावा लागला नाही. शून्य ते १२ व्होल्ट, २ अँपिअर, मोजमापाचे दोन मीटर, एक नॉब. विचार करायचा होता तो अक्षरांचा.

शाळा कोरेगाव तालुक्यातली, मी तिथेच दहावीपर्यंत शिकलो. बाईंची अट एकच होती: पाठ्यपुस्तकात जे शब्द आहेत तेच डब्यावर हवेत. मीटरखाली ‘विभवांतर’ (म्हणजे व्होल्टेज) आणि ‘विद्युतधारा’, वायर जोडायच्या अग्रांपाशी ‘धन’ आणि ‘ऋण’, मागच्या बाजूला फ्यूजपाशी ‘वितळतार’. मला ही अट मनापासून पटली. पुस्तकात विभवांतर वाचायचं आणि प्रयोगाला बसल्यावर डब्यावर दुसराच शब्द शोधायचा, हा त्रास मी स्वतः काढलेला आहे.

बाहेरून छापून घ्यायचं तर दहा नगांसाठी कोणी नीट बोलायला तयार नव्हतं. लेझरनं कोरून बघितलं, तर फिकट राखाडी रंगाखाली ॲल्युमिनियम उघडं पडलं. राखाडीवर चंदेरी अक्षर दोन फुटांवरून दिसेना. उरलं स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापणं. आणि ते मला येत नसलं तरी घरात एका माणसाला येत होतं.

माझी मावशी १९९०च्या दशकात सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत लग्नपत्रिका छापायची. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेला मजकूर ट्रेसिंग पेपरवर काढून आणायचा, जाळीवर उतरवायचा आणि रात्री जेवणं झाली की छापायला बसायचं. लग्नसराईत तिच्या घरभर दोऱ्यांवर पत्रिका वाळत टाकलेल्या असत. मी फोनवर म्हटलं, “मावशी, पत्र्यावर छापायचंय.” ती म्हणाली, “पत्रा काय नि कागद काय, जाळी तीच. पण अक्षर केवढं आहे ते आधी सांग.”

तिनं पहिलाच प्रश्न हा का विचारला ते मला दोन आठवड्यांनी कळलं.

पॅनल २०० बाय १०० मिलिमीटरचं, २ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियम. भोकं पाडून, मग पावडर कोटिंग, मग छपाई, हा क्रम. भोकाच्या कडेला धातूची धार राहिली तर ती जाळी फाडते, म्हणून जाड ड्रिल बिट हातात धरून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी फिरवून घेतलं. दहा पॅनलांची मिळून एकशे दहा भोकं होती, आणि हे काम टाळून चालत नाही. पावडर कोटिंगला पहिला घाणा मी नीट न सांगता टाकला, आणि तो टेक्स्चर फिनिशमध्ये आला, संत्र्याच्या सालीसारखा. अशा पृष्ठभागावर शाई फक्त उंचवट्यांवर बसते. गुळगुळीत मॅट असं स्पष्ट लिहून दिल्यावर दुसरा घाणा बरोबर आला.

अक्षरं मी इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडली. फॉन्ट ‘मुक्ता’, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, मोफत मिळणारा. पातळ ते जाड असे सात प्रकार त्यात आहेत आणि अक्षरांच्या पोटातल्या जागा मोकळ्या आहेत. मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे बाह्यरेषांच्या आकारांत, रूपांतर केल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. देवनागरीत शिरोरेघ प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढते. पाथ करून सगळे एकत्र केले तर कधी कधी चढलेला भाग पांढरा होतो आणि शिरोरेघेवर बारीक फटी पडतात. पडद्यावर त्या दिसत नाहीत, फिल्मवर, म्हणजे मजकूर छापलेल्या पारदर्शक कागदावर, दिसतात. सगळे आकार ‘युनियन’ करून घेतले की जातात.

फिल्म लेझर प्रिंटरवर काढली. टोनरचा काळा दिसायला काळा असतो, पण उजेडाकडे धरला तर त्यातून प्रकाश झिरपतो. म्हणून एकाच मजकुराच्या दोन फिल्म काढून तंतोतंत एकावर एक चिकटवल्या. मजकूर उलटा काढायचा नाही, सरळच. फक्त टोनरची बाजू जाळीवरच्या इमल्शनला टेकली पाहिजे. इमल्शन म्हणजे उजेड लागला की पक्का होणारा लेप; काळ्या अक्षरांखाली तो कच्चा राहतो आणि धुतल्यावर तिथे जाळी उघडते. ती वर राहिली तर फिल्मच्या जाडीतून प्रकाश आत वळतो आणि बारीक रेघा आणखी बारीक होतात.

पहिली जाळी मी दुकानात होती ती घेतली, ७७ नंबरची पांढरी. म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ७७ धागे. अक्षराची उंची ठेवली अडीच मिलिमीटर, कारण माझ्याकडच्या एका जुन्या मीटरवर इंग्रजी अक्षरं तेवढीच होती आणि छान दिसत होती. मावशी रिक्षानं आली, उजेडाकडे धरून फिल्म बघितली आणि म्हणाली, “अरे, हे नाही उतरायचं.” मी म्हटलं, करून तर बघू.

तिचं खरं निघालं. धुतल्यावर ‘विभवांतर’वरचा अनुस्वार उघडलाच नाही. ‘विद्युतधारा’मधल्या ‘द्यु’ची खालची गाठ बुजली आणि उकार वाकडातिकडा आला. त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. ७७ धागे म्हणजे एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंत सुमारे ०.१३ मिलिमीटर. माझा अनुस्वार होता ०.३ मिलिमीटरचा. म्हणजे तो अख्खा जेमतेम दोन धाग्यांत मावत होता. इमल्शनला धरायला आणि शाईला जायला जागाच नव्हती. इंग्रजी मोठं अक्षर अडीच मिलिमीटरच्या पूर्ण उंचीत एकटं उभं असतं. आपल्या अक्षराला त्याच उंचीत वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर आणि उकार, जोडाक्षराचा पाय खाली सांभाळायचा असतो. मधल्या अंगाला उरतं ते थोडंच. जुन्या मीटरवरून माप घेणं ही माझी चूक होती. दुसऱ्या लिपीसाठी बसवलेलं माप मी आपल्या लिपीवर चढवलं होतं.

मग सगळं पुन्हा मांडलं. वेलांटीपासून उकारापर्यंत पूर्ण उंची साडेचार मिलिमीटर, फॉन्ट मध्यम जाडीचा, रेघ कुठेही ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नाही. अनुस्वार हातानं वेगळे मोठे केले, ०.६ मिलिमीटर. बघताना ते जरा ठळक वाटत होते, छापल्यावर बरोबर दिसले. जाळी १२० नंबरची घेतली, पिवळी. पांढरा धागा प्रकाश आजूबाजूला पसरवतो, आणि जिथे इमल्शन कच्चं राहायला हवं तिथेही ते पक्कं होतं. पिवळा धागा तो प्रकाश बराचसा गिळतो. ही जाळी आणायला मला शहरात चार दुकानं फिरावी लागली, पण या कामात सगळ्यात जास्त फरक तिनंच पडला.

इमल्शनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. मावशी तिच्या काळात बायक्रोमेटची नारिंगी पूड पाण्यात विरघळवून इमल्शनमध्ये घालायची, उघड्या हातांनी. बाजारात ती अजून मिळते. ते सहा संयुजेच्या क्रोमियमचं संयुग आहे. कातडीला जखमा करतं, ॲलर्जी देतं आणि कर्करोगकारक आहे. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती काही वेळ हाताकडे बघत राहिली. लग्नसराईत तिच्या बोटांना भेगा पडायच्या, रक्त यायचं, आणि ती सगळ्यांना सांगायची की भांड्यांच्या पावडरीनं होतंय. “कोणी सांगितलंच नाही रे,” एवढंच म्हणाली. त्या भेगा बायक्रोमेटच्याच होत्या असं आज सिद्ध करता येणार नाही. पण घरी हे काम करू बघणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगेन की ती पूड आणू नका. मी डायझोचं इमल्शन वापरलं आणि हातमोजे घातले. मावशीलाही घालायला लावले.

इमल्शन कालवून तासभर ठेवलं, बुडबुडे जाईपर्यंत. मग झिरोच्या पिवळ्या दिव्यात जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पातळ हात दिला आणि फ्रेम आडवी, छपाईची बाजू खाली करून कपाटात वाळवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला गच्ची. खाली काळं कापड लावलेला फोम, त्यावर जाळी, त्यावर फिल्म, त्यावर ५ मिलिमीटरची काच. किती वेळ, हे कोणाचं ऐकून ठरवता येत नाही. मी एका वेगळ्या तुकड्यावर पुठ्ठा दर तीस सेकंदांनी सरकवत सहा पट्ट्या केल्या. कमी उन्हाच्या पट्ट्या धुताना वाहून गेल्या, जास्तीच्या पट्ट्यांत बारीक भाग उघडेना. माझ्या गच्चीवर, त्या उन्हात, त्या इमल्शनला दीड मिनिट बरोबर ठरलं.

धुण्याचं काम मावशीनं केलं. दोन्ही बाजू ओल्या करून दोन मिनिटं नुसती थांबली, मग हलक्या फवाऱ्यानं, घाई न करता. अक्षरं एकेक उघडत गेली. शेवटी उजेडाकडे धरून ती बोटानं मोजत होती: “हा उघडला, हा उघडला, हा पण.” ती अनुस्वार मोजत होती.

छपाईसाठी प्लायवर हिंज क्लॅम्प बसवला. पॅनल दर वेळी त्याच जागी बसावं म्हणून लांब बाजूला दोन आणि आखूड बाजूला एक असे तीन टेकू. भोवती त्याच २ मिलिमीटर पत्र्याच्या पट्ट्या ठेवल्या, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) कडेला खाली बसत नाही. जाळी पॅनलला टेकून ठेवायची नाही. फ्रेमच्या पुढच्या टोकाखाली सनमायकाचे तुकडे एकावर एक ठेवून पॅनल आणि जाळीत दोनेक मिलिमीटर फट ठेवली. स्क्वीजी जिथे दाबते तिथेच जाळी टेकते आणि ती पुढे गेली की मागून उचलली जाते. अक्षराची कड स्वच्छ येते ती त्यामुळे.

शाई पहिल्यांदा साधी पीव्हीसीची घेतली. दिसायला सुंदर, पण चोवीस तासांनी नखानं निघाली. म्हणून दोन भागांची इपॉक्सी शाई, काळी. तिला हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घालावा लागतो, अंदाजानं नाही. मिसळलेली शाई काही तासांनी निकामी होते, म्हणून लागेल तेवढीच. दुपारच्या उन्हात पातळ शाई जाळीतच वाळू लागते, तेव्हा आम्ही सकाळी सहाला बसलो. प्रत्येक पॅनल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेलं, त्यानंतर बोट लावायचं नाही. खिडक्या उघड्या, गॅस बंद.

पहिली तीन पॅनल मी छापली आणि तिन्हींवर रेघ फुगली. मावशी माझा हात बघत होती. “दाबतोयस किती! नुसती ओढ. आधी शाई जाळीभर पसरवून घे, मग एकदाच ओढ, मध्ये थांबू नकोस.” या शाईची एक मोठी सोय आहे: चुकलं तर लगेच थिनरच्या फडक्यानं पुसून पॅनल पुन्हा कोरं करता येतं. तिन्ही पुसली. मग स्क्वीजी तिच्या हातात दिली. तिनं ती साठ-सत्तर अंशांत धरली, एकदा भरून घेतलं, एकदा ओढली, फ्रेम उचलली. अक्षरं पत्र्यावर अशी उभी होती की मला काही बोलता आलं नाही. इतक्या वर्षांनी तिच्या मनगटाला दाब किती हे पाठ होतं. सातव्या पॅनलवर एक अनुस्वार अर्धा आला. मी न सांगता तिनं फडकं मागितलं, पुसलं, जाळी खालून स्वच्छ केली आणि पुन्हा छापलं. बाकी सगळी पहिल्या फटक्यात.

शाई पक्की व्हावी म्हणून पॅनल आठवडाभर माळ्यावर पत्र्याखाली ठेवली. घाई म्हणून जेवणाच्या ओव्हनमध्ये ती घालू नयेत. थिनरची फडकी बाहेर मोकळ्या जागी पसरून वाळवली, मोरीत काही ओतलं नाही. आठव्या दिवशी टेक्स्चरच्या टाकाऊ पॅनलमागे, जिथे पृष्ठभाग गुळगुळीत होता, तिथे छापलेल्या नमुन्यावर ब्लेडनं एकेक मिलिमीटरच्या आडव्या-उभ्या चिरा दिल्या, चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. पट्टीवर काही आलं नाही. अल्कोहोलच्या कापसानं पन्नास वेळा घासलं, कापूस पांढराच राहिला.

डबे जूनमध्ये शाळेत गेले. या दिवाळीत बाईंचा फोन आला. डबे ठीक आहेत, ‘ऋण’ जागेवर आहे. आता शाळेची जुनी रोधपेटी, म्हणजे हवा तेवढा विद्युतरोध जोडायची पेटी, आहे, तिच्यावरचे आकडे आणि शब्द दिसत नाहीत, तिला नवं पॅनल करून द्याल का? मी मावशीला सांगितलं. तिनं विचारलं, “अनुस्वार किती आहेत?”

“एकच,” मी म्हटलं. “‘अनंत’वर.”