पाय वर केला की गाणं संपतं

गेल्या रविवारी आमच्या टेरेसवर सहा जण जमलो होतो. त्यातल्या चौघांना वाजवता येतं, एकीला गाता येतं, आणि उरलेल्या एकाला आपल्याला मँडोलिन वाजवता येतं असं वाटतं, तो मी. घर बेळगावात, तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ, त्यामुळं मिरजेकडं जाणारी गाडी आली की हॉर्न थेट गाण्यात घुसतो, आणि आमचे पेटीवाले अण्णा गाणं सोडून तो हॉर्न कुठल्या पट्टीत आहे ते पेटीवर शोधत बसतात. एकदा म्हणाले पांढरी चार, एकदा म्हणाले काळी तीन. इंजिन बदललं असणार.

टेरेसवर महिन्यातनं एकदा जमून वाजवायचं हे सगळं सुरू कसं झालं असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी कंपनीच्या कामानं दोन वर्षं अमेरिकेत रॅली नावाच्या शहरात होतो, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. पहिले दोन-तीन महिने ऑफिस, भात-आमटी, झोप, एवढंच. मग एका मंगळवारी संध्याकाळी वाद्यांच्या एका दुकानासमोरून जाताना आतून आवाज आला. मला वाटलं रेकॉर्ड लावलीय. आत डोकावलो तर पंधरा-वीस माणसं गोल करून खुर्च्यांवर बसलेली, हातात गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन, कोपऱ्यात एक बाई स्वतःपेक्षा उंच बेस धरून उभी, आणि माईक नाही, स्टेज नाही, ऐकणारंही कोणी नाही. सगळेच वाजवणारे. ऐकणारा असा मी एकटाच, तोही दारात.

ते ब्लूग्रास, तिकडच्या गावाकडचं संगीत. आमच्यातल्या बहुतेकांना हा प्रकार माहीत नसतो म्हणून थोडक्यात सांगतो. केंटकी राज्यातल्या रोझीन गावात १९११ साली जन्मलेला बिल मन्रो नावाचा मँडोलिनवाला, त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, कारण केंटकीला ब्लूग्रासचं राज्य म्हणतात. त्या बँडवरूनच पुढं सगळ्या संगीताला ते नाव पडलं. १९४५ च्या डिसेंबरात त्याच्या बँडमधे अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांत नख्या घालून बँजो वाजवणारा, आणि मग त्या गाण्याला जो वेग आला तो आजतागायत कमी झालेला नाही. हा स्क्रग्ज १९२४ चा. आपल्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकली जन्मले, म्हणजे कुमार गंधर्व, तेही १९२४ चेच. याचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मलाही कळतं, खरं मला हे कळल्यावर उगीच बरं वाटलं होतं, परक्या मुलखात असं काहीतरी लागतं माणसाला.

तर त्या दुकानात. दुसऱ्या मंगळवारी गेलो, तिसऱ्या मंगळवारी गेलो, चौथ्या वेळी टोपीवाल्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, नुसता का उभा राहतोस. मी म्हटलं मला काही येत नाही. तो म्हणाला मग बाहेरच्या रांगेत बस. मला वाटलं हाकलतोय! नंतर समजलं की गोलाला दोन रांगा असतात, आतल्या रांगेत ज्यांना गाणं पुढं न्यायचं ते, आणि मागच्या रांगेत शिकणारे, त्यांनी हळू आवाजात साथ करायची आणि समोरच्या गिटारवाल्याचा डावा हात बघत राहायचं. बस्स, हीच शाळा. डावा हात कुठं गेला त्यावरून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा जुडगा, ओळखायची. गाणं ज्याची पाळी त्यानं सांगायचं, पट्टी सांगायची, सुरू करायचं. बहुतेक गाण्यांत कॉर्ड तीनच, त्यांना ते एक, चार, पाच असे आकडे लावतात. जी म्हणजे आपली पांढरी पाच, तिथं एक म्हणजे जी, चार म्हणजे सी, पाच म्हणजे डी. पट्टी बदलली तरी आकडे तेच, त्यामुळं गाणं आयुष्यात कधी ऐकलेलं नसलं तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत माणूस त्यात शिरतो. एक कडवं गाऊन झालं की गाणारा कुणाकडं तरी बघून मान हलवतो, मग त्यानं एकट्यानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी आवाज खाली आणायचा. तुझ्याकडं मान हलली आणि तुला नको असेल तर तूही मान हलवायची, आडवी. कुणी काही म्हणत नाही. मी सहा महिने आडवीच हलवत होतो.

आणि गाणं संपवायची खूण म्हणजे पाय. दोन्ही हात वाद्यात अडकलेले, तोंड गाण्यात अडकलेलं, मग राहिलं काय? शेवटचं कडवं आलं की गाणारा बसल्या जागी एक पाय वर उचलतो आणि सगळे एकदम थांबतात. निदान थांबावं अशी अपेक्षा असते. हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग मी सेकंडहँड मँडोलिन घेतलं. मँडोलिनच का, तर आठ तारा पण जोडीजोडीनं चार, आणि स्वर व्हायोलिनचेच, आणि आमच्या चुलत्यांनी लहानपणी मला दोन वर्षं व्हायोलिन शिकवायचा प्रयत्न केला होता, तो कुठंतरी उपयोगी येईल असं वाटलं. (आला नाही.) असं गोलात बसून वाजवायला तिकडं जॅम म्हणतात, एका उन्हाळ्यात तो जॅम शिकवायच्या एका कँपलाही गेलो. पीट वर्निक नावाचा एक बँजोवाला आहे, त्यानं नवशिक्यांना जॅममधे बसवायची एक पद्धतच तयार केलीय, त्या पद्धतीचे कँप ठिकठिकाणी होतात. अट काय, तर जी, सी, डी, ए या चार कॉर्ड न अडखळता बदलता आल्या पाहिजेत. एवढंच. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं ते हे, की तुझं चुकलं तर थांबू नको, मागं जाऊन दुरुस्त करायला बघू नको, ताल पुढं गेलाय, तू पण पुढं जा. आमच्या शाळेत गणिताला याच्या बरोब्बर उलटं शिकवलेलं त्यामुळं हे अंगात मुरायला वेळ लागला. दुसरं म्हणजे चॉप. मँडोलिनवाल्याचं खरं काम म्हणजे सोलो वाजवणं नाहीच, बेस पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला वाजतो आणि मँडोलिननं दुसऱ्या-चौथ्याला तारा दाबून लगेच बोटं ढिली करायची, की चक् असा कोरडा आवाज येतो. ब्लूग्रासमधे ढोल-तबला काही नसतं, तर तालाचं काम या चक् वर चालतं. दोन तास नुसतं चक् चक्. हात भरून येतात.

रॅलीत तेव्हा सप्टेंबरअखेर ब्लूग्रासवाल्यांचं मोठं संमेलन भरायचं, २०१३ पासून भरत होतं ते. मधल्या फेएटव्हिल रस्त्यावर गाड्या बंद, फुकट गाणं. स्टेजवरच्यांपेक्षा मला मजा वाटली ती हॉटेलच्या लॉबीत, जिन्यात, लिफ्टसमोर रात्रभर घोळके करून वाजवत बसलेल्यांची. पहाटे तीनला एक घोळका उठला की दुसरा बसतो. बघून सप्त्यातले पहारे आठवले, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात.

परत आलो तेव्हा मँडोलिन हँडबॅगेज म्हणून मांडीवर घेऊन आलो. आणि इथं पहिलाच पावसाळा, आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीय, जूनमधे लागला की कपडे वाळत नाहीत, दार फुगून बसतं. तारांवर गंज दिसला म्हणून एका संध्याकाळी हौसेनं आठही तारा एकदम काढल्या. काढल्या आणि घोडी, म्हणजे तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात ती, टप्पकन गादीवर पडली. माझ्या डोक्यात नव्हतंच की या मँडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, म्हणून तारा एकेक करून बदलायच्या. परत उभी केली अंदाजानं, तर वरच्या पडद्यांवर सगळे स्वर चढे. चार दिवस खटपट केली मग पिशवीत घालून मिरजेला गेलो सतारमेकर गल्लीत. तिथल्या कारागिरानं फणीसारखी ती घोडी हातात घेतली, पोटावरची दोन भोकं बघितली आणि म्हणाला, हे तर फिडलचंच भावंड की. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून आणि मोकळी छेडून, दोन्ही स्वर जुळेपर्यंत घोडी केसभर केसभर सरकवत राहिला, दहा मिनिटांत काम झालं. पैसे चहापुरते घेतले.

आता गावाकडचं. आमचं मूळ गाव बेळगावच्या पश्चिमेला, रताळी आणि भाताचं. विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला भजन असतं, तात्या म्हणजे वडलांचे चुलतभाऊ, ते पुढं म्हणतात. मी मँडोलिन घेऊन गेलो. मनात असं की अमेरिकेत एवढी वर्षं गोलात बसलोय, इथं तर घरचंच. तात्यांनी पिशवीकडं बघितलं आणि टाळ माझ्या हातात दिला.

"हे पहिल्यांदा. ते मागनं बघू."

चार महिने टाळ. आणि काय सांगू, टाळ वाजवता येतो असा माझा समज होता. येत नव्हता. लहानपणी दिंडीत वाजवलेला टाळ म्हणजे नुसता आवाज. इथं अभंग भजनी ठेक्यात सुरू होतो, आठ मात्रा, संथ, मग चाल वाढत जाते, तात्या हात किंचित वर उचलतात की पखवाज लग्गीला, म्हणजे जलद वाजवण्याला, लागतो आणि टाळ दुप्पट, आणि तिथं मी हमखास अर्धी मात्रा पुढं. तात्या गाता गाता माझ्याकडं बघायचे. बोलायचे नाहीत. पट्टी काळी चार, कधी काळी पाच, म्हणजे मन्रोवाल्यांचा लाडका बी फ्लॅट, एवढ्या उंच म्हणणारी सत्तरीतली माणसं. मागं बसलेली पोरं धृपद धरतात, त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं, पुढच्याच्या ओठांकडं बघून म्हणतात. टोपीवाल्या म्हाताऱ्याची मागची रांग हीच की.

चार महिन्यांनी तात्या म्हणाले, काढ ते तुझं. मी काढलं आणि जे येतं ते केलं, चक् चक्. टाळाच्या मधल्या रिकाम्या जागेत चॉप असा चपखल बसला की पखवाजवाल्या भाच्यानं वळून बघितलं. खूश झालो. खूश झालो आणि तिथंच घोळ केला. अभंग शेवटाला आला, तात्या शेवटचं चरण घेऊ लागले, आणि सवयीनं माझा उजवा पाय वर. देवळात. विठ्ठलाकडं तोंड करून बसलेलो असताना. सबंध मंडळाची नजर त्या पायावर. आई बायकांच्या बाजूला बसलेली, तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंडच झाकून घेतलं.

"काय करायलास रे?" तात्या.

मी समजावून सांगितलं, अमेरिका, बँजो, हात मोकळे नसतात वगैरे. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असंल. खरं हितं पाय जमिनीवर ठेव."

टेरेसवरचं जे आहे ते यातूनच निघालं. देवळात बाकीचं काही करता येत नाही, आणि ते बरोबरच आहे, देऊळ आहे ते. मग महिन्यातनं एक रविवार, संध्याकाळी पाच, ज्याला यायचं त्यानं यावं, चटई आपली आपण आणायची, चहा आमचा. गिटारवाला पोरगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शेजारच्या अक्का कन्नड शाळेत शिकवायच्या, आता रिटायर, त्या कन्नड संत पुरंदरदासांची पदं म्हणतात, आणि त्यांचे पुरंदर विठ्ठल आणि आमचे पंढरीचे एकच असल्यानं तात्यांचं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी जमलं. ज्ञानोबांनीच विठ्ठलाला कानडा म्हटलंय, तेव्हा या भागात टेरेसवर भाषेवरून भांडण होणं अवघड आहे, खाली रस्त्यावर काय व्हायचं ते होवो.

अडचण आली ती वेगळीच. कॉर्ड. गिटारवाल्या पोराला एक-चार-पाच शिकवून ठेवलं होतं मी, आणि अक्कांनी भैरवीतलं पद काढलं. त्यात रे, ग, ध, नी सगळे कोमल, आणि हा खाली सरळ जी, सी, डी झोडतोय, असं वाटत होतं की दोन घरांतले दोन रेडिओ एकदम लागलेत. अक्का थांबल्या नाहीत, तेवढ्या सोशिक आहेत, पण अण्णांनी पेटीचा भाता बंद केला. दोन-तीन रविवार याच्यावर डोकं लावलं. शेवटी बँजोनं वाट दाखवली. बँजोला एक आखूड पाचवी तार असते, अंगठ्यानं वाजते, आणि सहसा ती दाबतच नाहीत, एकच स्वर कॉर्ड कुठलीही असो मधे मधे टिणटिणत राहतो. हे वाद्य मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तिकडं पोचलं, भोपळ्याचं होतं आधी, आमच्या तंबोऱ्यासारखंच. म्हटलं मग आपणही तेच करू. पोराला सांगितलं भैरवी आली की कॉर्ड विसर, नुसते सा आणि प छेड, तंबोरा हो. आणि भूप, दुर्गा असलं पाच स्वरांचं काही आलं की मग एक-चार-पाच सांभाळून आण, तिथं खपतं, तिकडच्या कितीतरी चाली पाच स्वरांच्याच असतात. अजून चुकतंय पुष्कळ. पण अण्णा भाता बंद करत नाहीत आता.

सोलोची पाळी मात्र इथं कुणाला सांगावी लागत नाही. तिकडं मान आडवी हलवणारे निम्मे असायचे, इथं अण्णांकडं मान हलवायच्या आधीच त्यांनी सुरू केलेलं असतं आणि ते थांबत नाहीत, हा आमच्या जॅमचा मुख्य प्रॉब्लेम आहे आणि मला त्यावर उपाय सापडलेला नाही. मोठे आहेत, बोलणार कोण.

तर गेल्या रविवारचं. तात्या गावाकडनं पाचच्या बसनं आले, गुडघे दुखतात तरी जिना चढून. साडेसातला शेवटचा अभंग घेतला, लग्गी रंगात आलेली, अक्का कन्नडमधून मधे मधे विठ्ठल विठ्ठल करतायत, अण्णांचा सोलो चौथ्यांदा सुरू, मी चक् चक्, आणि बघतो तर तात्यांचा पाय वर. सरळ, हवेत. सहाच्या सहा जण एका ठोक्याला थांबलो, इतकं स्वच्छ गाणं आमचं याआधी कधी संपलं नव्हतं, अण्णासुद्धा थांबले. मी तर उठून टाळ्याच वाजवायला लागलो.

"अरे टाळ्या काय वाजवायलास," तात्या ओरडले, "पायात गोळा आलाय माझ्या. धर जरा!"