आमची वाटचाल: रबाळ्याचा गाळा, भातगिरणीचे रोल आणि नॅनोफायबर

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात भातगिरणीचे, भाताचं टरफल काढायचे, दहा इंची रबर रोल बनतात, पांढरे. तांदळावर काळा डाग उठून चालत नाही, त्यामुळे कार्बन बाद आणि सगळा भार सिलिकावर. सिलिका वाढवली की शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) चढतो खरा, पण कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, मिलवर (रबर मळायच्या दोन रोलच्या यंत्रावर) तापतं आणि रोल ठिसूळ होतो. म्हणून आम्ही लाकडाच्या लगद्यातून काढलेल्या सेल्युलोज नॅनोफायबरकडे वळलो. जाडी काही नॅनोमीटर, लांबी मायक्रोमीटरमध्ये, घनता 1.5, सिलिकाची 2 च्या आसपास असते. पाच पीएचआर, म्हणजे शंभर भाग रबराला पाच भाग, नीट पसरला तर मॉड्युलस (ताणाला होणारा विरोध) चढतो आणि वजन वाढत नाही. सगळी मेख ‘नीट पसरला तर’ यात आहे.

हा माल पेस्टच्या रूपात येतो, दोन टक्के फायबर आणि बाकी पाणी. पाण्याचं गाडीभाडं आम्हाला खुपलं. पेस्ट ओव्हनमध्ये वाळवली, दळली आणि सिलिकासारखी थेट मिलवर टाकली. इथेच घात झाला. सेल्युलोजच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट असतात. पाणी उडालं की फायबर एकमेकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात. लगद्याचा पुठ्ठा होतो. तो मिलवर चेपला जातो, उसवत नाही. शिवाय रबर तेलकट आणि फायबर पाण्याचा, त्यामुळे गाठीला रबर चिकटतही नाही. ताण आला की भेग तिथूनच सुटते.

ती पूर्ण बॅच परत आली. रोलचे लचके तुटत होते. बँकेची लिमिट भरलेली, पहिला भागीदार हिशेब करून बाजूला झाला. त्यातच आमच्याच पट्ट्यातला एक स्पर्धक आमचा तुटका रोल गाडीत घालून गिरणी-गिरणीला दाखवत फिरला. पुढे त्यानेच सेल्युलोजची साधी कोरडी पावडर घालून ‘नॅनो’ नावाने रोल विकले, आमच्यापेक्षा स्वस्त. ते झिजले तेव्हा बोल लागला तो नॅनोफायबरला. त्या शब्दाची गेलेली पत भरून काढायला आम्हाला फार घाम गाळावा लागला, आणि ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

मुरबाडचे एक गिरणीवाले शेठ तेवढे टिकून राहिले. रोलचे तुकडे त्यांनी फेकले नव्हते, गोणीत भरून ठेवले होते. “टाकले नाहीत, बघा यात काय सापडतं ते,” एवढंच म्हणाले. प्रत्येक तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावर खसखशीएवढा पांढरा ठिपका होता. नखाला लागायचा. रोल तुटायचं कारण त्या गोणीत सापडलं: न उसवलेल्या फायबरची गाठ.

तेव्हापासून फायबर कधीच वाळवत नाही, ओल्यातच रबरात नेतो. दहा किलो कोरड्या रबराला 500 ग्रॅम फायबर, म्हणजे 25 किलो पेस्ट. त्यात 75 लिटर पाणी घालून अर्धा टक्का करतो आणि रोटर-स्टेटर होमोजिनायझरवर गाठी मोडतो. काचेच्या पट्टीवर थेंब ओढून उजेडात धरायचा. कण दिसला तर आणखी फिरवायचं. लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, 60 टक्क्यांचं, साधारण 16.7 किलो, तेवढंच पाणी घालून 30 टक्क्यांवर आणतो. मग लॅटेक्समध्ये फायबरची बारीक धार सोडायची आणि साध्या पॅडलने सावकाश ढवळायचं. होमोजिनायझर इथे अजिबात लावू नका. जोराच्या घर्षणाने लॅटेक्स नासक्या दुधासारखं फाटतं. अमोनियामुळे पीएच 10 च्या आसपास असतो, तो या टप्प्यावर पडू देऊ नका. फेस बसायला तासभर द्या.

नंतर दोन टक्के फॉर्मिक अॅसिड हळूहळू घालत पीएच पाचच्या खाली आणायचा. गोळा धरला की खालचं पाणी बघा. ते दुधाळ असेल तर रबर सुटलंय, तळाशी जेलीसारखा थर असेल तर फायबर बाहेर राहिलंय. नितळ पाणी निघालं तरच बॅच पुढे जाते. क्रेपरवर (गोळा दाबून लादी काढायच्या यंत्रावर) दोन-तीन मिलिमीटरची लादी काढून, धुवणाचं पाणी पीएच पट्टीवर सातच्या जवळ येईपर्यंत धुतो. इथे आळस केला की राहिलेलं अॅसिड क्युअर, म्हणजे उष्णतेने रबर पक्कं होणं, रेंगाळवतं. 150 अंशांवर रिओमीटरचा (क्युअर मोजायच्या यंत्राचा) टी-90, म्हणजे नव्वद टक्के क्युअरला लागणारा वेळ, लांबतो, एमएच, म्हणजे कमाल टॉर्क, खाली येतो आणि दोष मात्र अॅक्सिलरेटरला (क्युअरला वेग देणाऱ्या रसायनाला) दिला जातो. हे धुवण सीईटीपीला (कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) सोडण्याआधी न्यूट्रल करायला टाकी हवी, तिचा खर्च आधीच धरा.

लादी 60 अंशांवर वाळवतो. ओल असलेला भाग पांढरट दिसतो, कडा धूसर असतात आणि वाळत जातो तसा तो विरतो. गाठ विरत नाही. पावसाळ्यात खाडीकडची हवा इतकी दमट असते की संध्याकाळी वाळलेली लादी सकाळी पुन्हा ओल धरते. म्हणून ओव्हनमधून काढली की थेट मिलवर. ओल राहिली तर प्रेसमध्ये वाफ होऊन रोलमध्ये छिद्रं पडतात.

मिलवर निप, म्हणजे दोन रोलमधली फट, एक मिलिमीटरच्या आत ठेवून आठ-दहा पास. मिलचे रोल फिरतात त्या दिशेने फायबर लोळतात, म्हणून शेवटच्या पासनंतर लादीवर खडूने बाण काढतो आणि भातगिरणीच्या रोलच्या ड्रमवर ती घेराच्या दिशेनेच गुंडाळतो. डंबेल (ताण-चाचणीचे नमुने) उभे आणि आडवे दोन्ही कापा; एकाच दिशेचा आकडा फसवतो. पांढऱ्या मालात सिक्स-पीपीडी (रबर जुनं होऊ न देणारं रसायन) नको, डाग पडतो. त्याऐवजी स्टायरिनेटेड फिनॉल घ्या.

2018 साली जपानच्या असिक्सने बुटाच्या तळव्यात आणि 2019 साली तिथल्याच सुमितोमो रबरने टायरमध्ये सेल्युलोज नॅनोफायबर वापरला, तेव्हा ‘हे प्रयोगशाळेपुरतं’ म्हणणारे गप्प झाले. नंतरची वर्षं सुरळीत गेली.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी पेस्टचा भाव कोरड्या किलोवर काढावा. 100 ग्रॅम पेस्ट 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, किती उरतं ते तोला आणि मगच बिल द्या. पिंप थंड जागी ठेवा, पण गोठू देऊ नका. बर्फ झाला की फायबर पुन्हा गाठी धरतात. मुरबाडच्या शेठना या हंगामाचे रोल गेल्या आठवड्यात गेले, प्रत्येक रोलसोबत त्याच लादीची हातभर पट्टी बांधून. ती उजेडात धरून ते स्वतः बघतात.